अत्तीचा पेशा

आमचं घर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, मिरचीच्या दुकानावर. खाली अप्पांचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्याच्यावर पत्र्याची एक खोली. शेजारीच मिरची कांडायचा डंक होता. तो सकाळी सुरू झाला की धाड धाड चालत राहायचा आणि आमच्या मांडणीवरची ताटं त्याच्या ठोक्याला हलायची. नवीन माणूस जिन्यातच शिंकायला लागायचा, आम्हाला काही व्हायचं नाही. पावणं आलं की अव्वा आधी पाण्याचा तांब्या आणि मग टॉवेल पुढं करायची, डोळं पुसायला. रविवारी दुपारी मात्र डंक बंद असायचा, आणि तेवढ्यापुरतं घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटायचं. बोललेलं ऐकू येईल अशी आठवड्यातली ती एकच वेळ, म्हणून आमचा खेळ रविवारी दुपारी, वर पत्र्याच्या खोलीत.

अव्वा म्हणजे आई. आमच्या घरात बोलणं मराठी, पण नाती कन्नड. तसंच आत्याला आम्ही अत्ती म्हणायचो. अप्पांची ती धाकटी बहीण, नाव नीलव्वा. तिला हातकणंगल्याला दिलेली. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि अत्ती एक ट्रंक घेऊन परत आली ती आलीच. मी तेव्हा दोन वर्षांची होते, त्यामुळं अत्ती नसलेलं घर मला आठवतच नाही. सकाळी जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. दुपारची एण्णगाई, म्हणजे शेंगदाण्याचं कूट भरलेली वांगी, तिनंच करायची. वर्षाचा कांदा-लसूण मसाला तिच्या हातचा. कुठली मिरची किती, खोबरं किती भाजायचं हे अव्वालाही नीट माहीत नव्हतं. तिला घरात कुणी छळलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. अप्पा दरवर्षी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, तिला लुगडं घ्यायचे. पण तिला कुणी काही विचारायचंही नाही. परवा हे लिहायला घेतलं तेव्हा आठवून बघितलं, अत्तीला स्वतःला काय खायला आवडायचं? ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि जे उरलेलं असेल ते घ्यायची. मला सांगता आलं नाही.

माझा मोठा भाऊ शिवानंद, आमचा अण्णा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि मी अकरावीत. त्यानं हॉस्टेलवरच्या कुणाकडून तरी एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणली. त्या पोराच्या चुलतभावानं मूळ पुस्तक अमेरिकेतून आणलेलं. काही पानं तिरकी आलेली, काही नव्हतीच. पट नाही, सोंगट्या नाहीत असा तो खेळ. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दार आहे, काय करतेस? नदीला पाणी आहे, कसा उतरणार? आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. त्याला वीस बाजूंचा फासा लागायचा. कोल्हापुरात तसला फासा कुणी पाहिलेला नव्हता. आम्ही हौजीच्या डब्यातले एक ते वीस आकड्यांचे बिल्ले काढून अव्वाच्या जुन्या खणाच्या पिशवीत घातले आणि त्यातून एकेक ओढायला लागलो.

गोष्टीतल्या प्रत्येक माणसाचा एक क्लास असायचा. पण क्लास म्हटलं की आम्हाला शिकवणीचा क्लास आठवायचा, म्हणून अण्णानं त्याला पेशा असं नाव दिलं. शिपायानं तलवार चालवायची. चोरानं कुलपं उघडायची, सापळे ओळखायचे. मांत्रिकानं मंत्र टाकायचे. वैद्यानं जखमी माणसावर हात ठेवायचा, की पिशवीतून जो आकडा निघेल तितकं त्याचं बळ परत. एका पेशाचं काम दुसऱ्याला येत नाही, पुस्तकात ठाम लिहिलं होतं. अण्णा गोष्ट सांगायचा, मी चोर झाले, आणि त्याचा मित्र विलास शिपाई. विलास कोडोलीचा, शेतकऱ्याचा, हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळून रविवारी आमच्याकडं यायचा. वैद्य व्हायला कुणी तयार नव्हतं.

"मी न्हाय लोकांच्या जखमा पुसत बसनार," विलास म्हणाला होता.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी अत्ती वर चहा घेऊन आली तेव्हा विलासचा शिपाई गडाखालच्या भुयारात मरायला टेकला होता. तिनं कप ठेवले आणि विचारलं, "काय झालं रं? तोंडं का पाडलीयासा?"

विलासनं तिला सगळं सांगितलं. मी हसले, कारण ते ऐकून ती काय समजणार. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ह्याला बरं करनारं कोन न्हाय तुमच्यात?"

"वैद्य लागतो," अण्णा म्हणाला. "कुणी होत नाही."

"मी हुते की."

खेळातल्या माणसाचं नाव, पेशा, बळ लिहायला आमचा प्रत्येकाचा एक कागद असायचा, तसा अण्णानं गंमत म्हणून तिचाही केला. नाव काय ठेवायचं विचारल्यावर तिनं जराही वेळ न घालवता गंगव्वा सांगितलं, जसं काही ते नाव तिच्याजवळ तयारच होतं. मग अण्णा म्हणाला, हात ठेव. अत्तीनं पदराला हात पुसले आणि विलासच्या कागदावर खरोखरच तळहात ठेवला. बिल्ला निघाला अठराचा. विलास उठून तिच्या पाया पडला, अर्धा चेष्टेनं. अत्तीचा चेहरा मला अजून दिसतो. ती लाजली नाही, हसलीही नाही. एखादं काम नीट झालं की माणूस जसा क्षणभर थांबतो तशी थांबली.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती आमच्यात होती. रविवारी सगळ्यांचं आवरून, भांडी घासून, लुगडं बदलून वर यायची. हे लुगडं बदलणं आम्ही कुणी लक्षात घेतलं नव्हतं, अव्वानं मात्र एकदा टोमणा मारला, "माडीवर जायला इरकल लागतंय व्हय?" अत्तीला इंग्रजी येत नव्हतं, पण अण्णानं एकदा वाचलेला नियम तिच्या कायमचा लक्षात राहायचा. दिवसातून दोनदाच हात ठेवता येतो, मग त्यातला एक ती राखून ठेवायची. विलास पुढं धावायला लागला की म्हणायची, "दम धर. माझा एकच हात ऱ्हायलाय." आणि तो खरोखर थांबायचा. इंजिनिअरिंगचा पोरगा, पण तिला विचारल्याशिवाय भुयारात पाऊल टाकायचा नाही. घरात तिला हाक यायची ती मीठ कुठं ठेवलंय, धुणं वाळलं का, यासाठी. वर आम्ही तिघंही "अत्ती, आता काय करायचं?" असं विचारत होतो. आम्हाला तो खेळातला प्रश्न वाटायचा.

अडचण एवढीच, की ती वेळेवर येईल याचा भरवसा नसायचा. रविवारी अप्पांची गावाकडची गिऱ्हाइकं जेवायला असायची, कधी निपाणीचे नातेवाईक उतरायचे. मग आम्ही वर बसून वाट बघायचो. असंच एका रविवारी दहा-बारा पावणे आले होते. आम्ही तिच्याशिवायच सुरू केलं. माझी चोर, जिला मी वर्षभर वाढवलं होतं, एका खड्ड्यात पडली. खाली भाले. अण्णा म्हणाला, या खेपेला कुणी हात ठेवला नाही तर ती मेली. मी जिना उतरून खाली पळाले. अत्तीचे दोन्ही हात पुरीच्या कणकेत होते, शेजारी अव्वा कढईपाशी.

"अत्ती, चल, एक मिनिट," मी म्हणाले.

"पावणं पाटावर बसल्यात आन् एक मिनिट काय?" अव्वा म्हणाली.

अत्तीनं अव्वाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सांग अण्णाला, ठेवला म्हनावं हात. हितनंच."

मी वर जाऊन सांगितलं. अण्णा नियमाचा पक्का. वैद्य जवळ हवा, म्हणाला. विलासनं भांडून बघितलं, पण अण्णानं माझा कागद घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. मी सोळा वर्षांची होते आणि एका कागदासाठी रडले. चमत्कारिक गोष्ट अशी, की माझा राग अण्णावर नव्हता, अव्वावर नव्हता. तो सगळा अत्तीवर होता. ती आली नाही एवढंच मला दिसत होतं.

त्या आठवड्यात मी ती झेरॉक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली, डिक्शनरी घेऊन. शेवटच्या पानांत मला हवं ते सापडलं. ज्यांना पटेल त्यांनी घ्यावा असा एक नियम होता: एका पेशाचा माणूस आपलं खास कसब दुसऱ्या पेशाच्या माणसाला शिकवू शकतो, शिकवणाऱ्याची संमती असेल तर. पुढच्या रविवारी अत्ती वर यायच्या आधीच मी तो अण्णापुढं ठेवला. आपण सगळे हात ठेवायला शिकू, म्हणजे कुणासाठी अडायला नको.

अण्णाला पटलं. विलासला नाही.

"आन् मग अत्तीनं हितं येऊन करायचं काय?" तो म्हणाला.

"खेळायचं की," मी म्हणाले. "आपल्यासारखं."

"तू चोर हायस, मी शिपाई हाय. ती काय ऱ्हायली मग?"

मी म्हटलं, तुला मरायचंय का परत. एवढ्यात अत्ती आली. अण्णानं तिला नियम समजावून सांगितला. ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "शिकवायचं म्हंजे मी काय करायचं?"

"काही नाही. फक्त हो म्हणायचं."

"व्हय की मग. चांगलंच हाय. मी नसले तरी कोन मरायचं न्हाय." ती खाली बसली, लुगड्याचा काठ गुडघ्याखाली घेतला आणि म्हणाली, "आन् मला काय शिकवनार तुमी?"

विलास लगेच म्हणाला, "तलवार घ्या की, अत्ती."

अण्णानं पान काढलं. वैद्याला धारेचं हत्यार चालत नाही, लिहिलेलं होतं. ते बरोबरच होतं. मग अत्तीनं माझ्याकडं बघितलं. "तुझं ते कुलूप उघडायचं तरी?"

त्याला कुठला नियम आड येत नव्हता. मी नवीन चोर केली होती, पहिलीपेक्षा कितीतरी कच्ची, आणि कुलपं उघडणं एवढंच तिच्याजवळ होतं. मी म्हणाले, "तुला कशाला पाहिजे कुलपं? तुझा पेशा वैद्याचा."

"व्हय, ते बी खरंच," अत्ती म्हणाली.

अण्णानं आम्हा दोघांच्या कागदांवर 'हात ठेवणे' असं लिहिलं. तिच्या कागदावर काही लिहायचं नव्हतं.

पुढचे रविवार मला नीट आठवतात, म्हणजे आठवू नयेत इतके नीट. विलासला लागलं की तो स्वतःच स्वतःवर हात ठेवायचा. मीही. अत्तीची पाळी आली की अण्णा विचारायचा, "अत्ती, गंगव्वा काय करते?" ती आमच्या तोंडांकडं बघायची, कुणाला काही हवंय का. मग म्हणायची, "काय न्हाय. बसते." दोन रविवार, तीन रविवार. एकदा तिनं दार उघडून बघते म्हणून सांगितलं. कुलूप होतं, ते मी उघडलं. हळूहळू ती उशिरा यायला लागली, मग चहा ठेवून जायला लागली. एका रविवारी चहा अव्वानं आणला. विलासनं विचारलं, अत्ती कुठं हायत? अव्वा म्हणाली, शेंगा फोडत बसलीय. जिन्याच्या वरून एक हाक मारली असती तरी ऐकू गेली असती, डंक बंदच होता. कुणी मारली नाही.

माझा मुलगा पुण्यात त्याच्या मित्रांबरोबर असलेच खेळ खेळतो. त्यांच्याकडं खरे वीस बाजूंचे रंगीत फासे आहेत. गेल्या दिवाळीत मी त्याला सहज म्हणून विचारलं, एका पेशाचं कसब दुसऱ्याला देता का रे तुम्ही? तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "देतो की. फक्त ज्याच्याकडून घेतलं त्याला बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. नाहीतर तो नुसता बसून राहतो, मजा जाते." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अण्णा पास झाला, त्याला शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि वर्षाच्या आत लग्न झालं. वहिनी आली ती चुणचुणीत, कामाची आणि मनानंही चांगली. अव्वा अत्तीला म्हणाली, "तिला समदं दाखवून ठेव, नीला. आज न उद्या तिलाच बघायचंय." अत्तीनं दाखवलं. त्या उन्हाळ्यात दोघींनी मिळून मसाला केला. अत्ती मिरच्या सुपात घेऊन वेगवेगळ्या करायची आणि वहिनी वहीत लिहून घ्यायची: संकेश्वरी इतकी, ब्याडगी इतकी, तीळ शेवटी. अत्तीनं तिच्याजवळ काही मागितलं नाही. मागून झालं होतं तिचं एकदा.

दिवाळीनंतर कुरुंदवाडहून चिकप्पांचं, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाचं पत्र आलं. काकूंना अर्धांग झालेलं, बघायला कुणी नाही. अप्पांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर ताटाकडं बघत म्हणाले, "हितं आता सून हाय."

अत्ती भाकरी वाढत होती. तिनं माझ्या ताटात वाढली, अण्णाच्या ताटात वाढली आणि मग म्हणाली, "कवा जाऊ?"

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी अण्णाकडं बघितलं, त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. वहिनीच तेवढी म्हणाली, "इतक्यात कशाला, अत्ती? मसाला मला अजून एकटीला जमायचा न्हाय." अप्पा म्हणाले, "वहीत लिवलंय न्हवं?"

दोन दिवसांनी सकाळी मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. आली होती तेव्हाचीच ट्रंक. मला काहीतरी सांगायचं होतं, पण काय ते मलाच कळत नव्हतं, आणि स्टँडवर इतका गोंगाट की मी त्याचं निमित्त केलं. ती खिडकीतून म्हणाली, "अभ्यास कर. आन् रोज केसाला तेल लाव, कोरडं पडल्यात." गाडी सुटली.

पुढच्या सहा वर्षांत मी कुरुंदवाडला दोनदा गेले. पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली, लग्न ठरलं. कारणं भरपूर होती. दोन्ही वेळा अत्ती काकूंचं अंग पुसत होती किंवा त्यांना भरवत होती. दोन्ही वेळा तिनं मला माझ्याबद्दलच विचारलं. खेळाचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही नाही. काकू गेल्या, आणि त्याच पावसाळ्यात अत्तीला कावीळ झाली. गावातलं मुळीचं औषध घेत राहिली. मिरजेला नेईपर्यंत उशीर झाला होता.

मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. आमच्यात पुरतात, आणि बाई असो की गडी, बसवून पुरतात. मला बघायला काहीच नव्हतं. पुरुष मंडळी आंघोळी करून पडवीत बसलेली. अण्णा भिंतीला टेकून बसला होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. आत शेजारच्या चार बायका होत्या. त्यांतली एक वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा लावलेली, माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझं नाव विचारलं आणि मग म्हणाली, "म्हंजे तुमी त्याच की. नीलाक्कासंगं कामाला हुता त्या."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठल्या कामाला?

"कोल्हापुरात हो. रविवारच्या जायच्या न्हवं त्या, मान्सं बरी करायच्या कामाला? सांगायच्या आमास्नी. चौघंजन हुता म्हनं तुमी. एक कोडोलीचा पोरगा हुता, लई उतावळा."

मी होय म्हणाले.

"मी म्हनायची, अवो मग सोडलं कशाला? एवढं चांगलं काम. तर म्हनायच्या, पोरास्नी शिकवलं मी. त्यास्नी यायला लागलं, मग माझी काय गरज?" तिनं पदरानं चष्मा पुसला. "कुठला दवाखाना वो त्यो?"

"लक्ष्मीपुरीत होता," मी म्हणाले.

"अजून चालू हाय का? माझी सून हाय, शिकलेली. लागलं असतं तिला बी काम."

"बंद झाला," मी म्हणाले.

"अगं बया. कवा?"

"अत्तीनं सोडल्यावर. चार महिन्यांत."

एवढं मात्र मी खरं सांगितलं. सगळ्यांनाच सगळं बरं करता यायला लागल्यावर कुणी कुणासाठी थांबेना, कुणाला कशाची भीती वाटेना, आणि एका रविवारी विलास आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आम्हीही वर गेलो नाही. त्या बाईनं मान हलवली, गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि पडवीतल्या माणसांना चहा पाहिजे का ते विचारायला बाहेर गेली.